आदर्श मातीतली चड्डी

१५ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणाऱ्या माणसांनी ती ठेवलेली असते. मागाहून आठवणी लिहायला बसलं की तारखा घोळ घालतात. ही कुणाला दाखवायची नाही. हेर्मिनेलाही नाही. बायको झाली म्हणून काय झालं? (ती विचारणार नाही, पण नियम तो नियम.)

काम असं. युरोपातल्या सात देशांनी मिळून मातीच्या आरोग्यावर संशोधन करायचं. सगळ्यांची मोट बांधायची जबाबदारी आमच्या क्लाइनबाखच्या माती केंद्राकडे, म्हणजे माझ्याकडे. ऑक्टोबरच्या मध्याला प्रस्ताव ब्रसेल्सला जाणार. त्यासाठी बाकीच्या सहा देशांचा पाठिंबा हवा आणि आपल्या गावातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी हव्यात. हे जमलं नाही तर नवीन वर्षापासून केंद्राला कुलूप, आणि सामान ग्राट्सच्या मुख्य कचेरीत.

मला स्वतःला काय, दोन वर्षांत निवृत्त होतोय. चिंता रोस्विताची. केंद्रात आम्ही दोघंच. ती मातीचं शास्त्र बघते, बाकी सगळं मी. (मी वकिलीचा पदवीधर. माती ही शेवटी कायद्याचीच बाब आहे.) तिची आई इथल्या वृद्धाश्रमात असते. ऑफिस सुटलं की रोस्विता तिला सूप भरवायला जाते, दुसऱ्या कुणाच्या हातून म्हातारी तोंड उघडत नाही. ग्राट्सला बदली झाली तर ते संपलं. तेव्हा मी जे करतोय ते रोस्वितासाठी.

शिवाय होफ्राट. म्हणजे दरबारी सल्लागार. बादशहा जाऊन शंभर वर्षं झाली, दरबारही उरला नाही, पण सल्लागार अजून नेमतात. सरकारी नोकरीत केस पिकवलेल्या माणसाचा नंबर लागू शकतो. हा प्रोजेक्ट झाला तर माझा नक्की. मला पदवीचा मोह नाही. बेकरीत हेर्मिनेला लोक 'होफ्राटबाई' म्हणतील, तिला बरं वाटेल, एवढंच.

१८ जून
सहा देशांना मेल. नऊ पानं. रोस्विता म्हणाली, साहेब, एक पान पुरे झालं असतं. तिला मोठ्या कामांचा अनुभव नाही.

२२ जून
उत्तरं यायला लागली!

फिनलंड, प्रोफेसर टूलिक्की: "मिळालं." एकच शब्द, पण काय ठामपणा.

पोर्तुगाल, डॉक्टर आदेलीनो: चांगली लांबलचक मेल. मावशीच्या खुब्याचं ऑपरेशन, यंदाच्या सार्डिन मासळीची चव, उकाडा. प्रोजेक्टबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे त्याबद्दल शंकाच नाही.

पोलंड: "मी सध्या रजेवर आहे. आपल्या मेलबद्दल आभार." रजेवर असूनही मिनिटाभरात उत्तर, वर आभार! रोस्विता म्हणाली, साहेब, ते आपोआप जातं. मनापासून वाटलं की आपोआपच जातं.

उरलेले तिघे विचार करत असावेत. अर्धा युरोप खिशात.

२ जुलै, गुरुवार
गावच्या खानावळीत शेतकऱ्यांची सभा. हॉल खच्चून भरला. गुरुवारी तिथे तळलेली कोंबडी असते, पण तो योगायोग.

मी 'माती: काल, आज आणि उद्या' या विषयावर बोललो. 'काल' संपेपर्यंत सगळे शांतपणे चावत होते. 'आज'च्या मध्यावर शेजारी लोइस उभा राहिला. लोइसचा मका आहे, भोपळे आहेत, डुकरं आहेत. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, त्यामुळे तो मला अजून अरे-तुरे करतो. म्हणाला, अरे वेंडल, माती अजून खालीच आहे ना? मग एवढी घाई कसली? हॉलमध्ये खसखस पिकली.

मग म्हणाला, आमच्या जमिनी तपासायला सात देश येणार, आमच्या पोटातलं बाहेर काढणार, आणि तुम्ही ऑफिसात बसून मार्क देणार. आपलं ठेवावं झाकून नि दुसऱ्याचं पाहावं वाकून! नको बाबा. टाळ्या पडल्या. त्या भाषणाच्या पहिल्या भागासाठी होत्या, उशिरा आल्या.

एकंदरीत शेतकऱ्यांनी विषयात खोलवर रस दाखवला. जमीन कुणी दिली नाही.

निश्चय: उद्यापासून रोज एका शेतकऱ्याच्या बांधावर जायचं.

३ जुलै
पाऊस. शेतकरी घरात असतात. त्रास देऊ नये.

६ जुलै
कडक ऊन. शेतकरी शेतात असतात. त्रास देऊ नये.

७ जुलै
मला एक कल्पना सुचली. (आधी रोस्विताने बोलून दाखवली होती. पण बोलणं वेगळं आणि सुचणं वेगळं.)

गावकऱ्यांनी आपापल्या जमिनीत एकेक सुती चड्डी पुरायची. पांढरी, शुद्ध कापसाची. साधारण दोन महिन्यांनी उकरायची. सूत म्हणजे मातीतल्या जिवाणूंचं आणि किड्यामुंग्यांचं जेवण. माती जिवंत असेल तर ते सगळं फस्त करतात आणि हाती नुसतं इलॅस्टिक येतं. माती मेलेली असेल तर चड्डी जशीच्या तशी. रोस्विता म्हणते, स्वित्झर्लंडमध्ये लोकांनी असं केलंय. यंत्र लागत नाही, मार्क देणारा साहेब लागत नाही, शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. आणि लोक हसतात. हसले की येतात.

सुरुवातीला मी हे केंद्राच्या प्रतिष्ठेला धरून नाही असं सांगितलं. मग ती म्हणाली की वर्तमानपत्रवाले फोटो काढायला हमखास येतील. प्रतिष्ठेचा प्रश्न तिथेच सुटला.

१३ जुलै
नुसती बातमी फुटली आणि गावात उत्साह. खानावळीतली मंडळी स्वतःहून नावं देऊन गेली. बँडवाले येणार, महापौर येणार, पाद्रीबाबाही चर्चच्या परसात पुरणार. त्यांनी विचारलं, नवी पाहिजे की वापरलेली चालेल? रोस्विता म्हणाली, चालेल, पण धुतलेली. पाद्रीबाबा म्हणाले, अर्थात.

लोइससुद्धा तयार! म्हणाला, चड्डीच ना, घ्या, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

याला म्हणतात नेतृत्व.

१९ जुलै, रविवार
माझी चड्डी कुठे पुरायची यावर आज विचार केला. अर्थात घरासमोरचा वाफा.

आमच्या बागेबद्दल इथे लिहून ठेवायला हवं, पुढे संदर्भ लागेल. गावच्या सुंदर बाग स्पर्धेत आम्ही दरवर्षी बक्षीस घेतो. लग्न झाल्यापासून ही बाग माझ्याकडे आहे. हिरवळीची कड मी पट्टी लावून कापतो. वाफ्यातली माती चाळून घेतो, वर रोलर फिरवतो. तण म्हणाल तर औषधाला नाही, कारण वसंतात आणि शरदात औषध मारतो. किडे नाहीत. मुंग्या नाहीत. गांडूळ मी या बागेत कैक वर्षांत पाहिलेलं नाही. झाडाचं पान पडलं की ब्लोअरने उडवून लोइसच्या बाजूला. (त्याला फरक पडत नाही. त्याच्याकडे आधीच उकिरडा आहे. खाजकुयली काय, कुजका पेंढा काय, कोंबड्या काय, एक जुना टब पडलाय त्यात बेडूक. पाहुण्यांसमोर मान खाली जाते.)

हेर्मिने पोर्चमध्ये कॉफी पीत होती. म्हणाली, बाहेर कुठेतरी पूर. इथे नको. मी कारण विचारलं. म्हणाली, उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला. स्वतःच्या नवऱ्यावर विश्वास नसण्याचं हे उदाहरण.

२४ जुलै
रोस्विताला वाफा दाखवला. तिने खाली बसून चिमूटभर माती बोटांत घेतली, वास घेतला, पुन्हा घेतला. मी म्हटलं, कशी आहे? ती म्हणाली, साहेब, वास येत नाही. मी आभार मानले.

मग म्हणाली, तुम्हीपण चर्चच्या परसात पुरलंत तर? पाद्रीबाबांना सोबत होईल. मी नम्रपणे नकार दिला. जाताना पुन्हा तेच, नाहीतर माझ्या आईच्या वृद्धाश्रमात गुलाब आहेत, तिथे? दोन वेळा आग्रह म्हणजे काहीतरी कारण असणार. माझ्या वाफ्याशी तुलना झाली तर बाकीच्यांचं काय होईल ही तिला भीती. मुलगी मनाने चांगली आहे.

२६ जुलै, रविवार
चर्च सुटल्यावर पुरण्याचा समारंभ. गावभर खड्डे. बँडने वाजवलं.

माझी चड्डी हेर्मिनेने नाताळला दिलेल्या पाकिटातली, अजून घड्या मोडल्या नव्हत्या. गुडघ्याच्या उपचारासाठी मी सरकारी आरोग्यधामात गेलो होतो तेव्हा तिथल्या लाँड्रीत घोळ नको म्हणून तिने सगळ्यांवर लाल दोऱ्याने माझी, म्हणजे वेंडल प्राटेसची, आद्याक्षरं भरली होती. ती राहू दिली. इतिहासाला कळायला हवं कुणाची.

वर पितळेची पाटी: 'आदर्श माती'. लोइस कुंपणावरून बघत होता. त्याने आपली चड्डी खाजकुयलीच्या मागे कुठेतरी पायाने ढकलली होती. म्हणाला, वेंडल, तुझ्या चड्डीला पाटी आहे, माझ्या बापाच्या कबरीला एवढी नाही.

५ ऑगस्ट
सात देशांची ऑनलाइन मीटिंग. रजेवरचे सोडून सगळे हजर. मी पाऊण तास बोललो. एकानेही मध्ये तोंड घातलं नाही. इतकं एकाग्र लक्ष मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नाही.

नंतर रोस्विता म्हणाली, माइक बंद होता, साहेब, मी हाताने खुणा करत होते. तरीही ते शेवटपर्यंत बसून राहिले, ही गोष्ट काय सांगते?

टूलिक्कीची मेल: "चांगली मीटिंग." दोन शब्द! वाढतोय पाठिंबा.

१५ ऑगस्ट, चर्चच्या सणाची सुट्टी
पाठिंब्याचं पत्र मात्र कुणाचंच नाही. आदेलीनो: मावशी आता काठीने चालते. पोलंड: अजून रजेवर, अजून आभार.

रोस्विताला विचारलं, तू एवढी गप्प का? म्हणाली, वृद्धाश्रमवाल्यांना नोव्हेंबरपर्यंत सांगायचंय, आईची खोली ठेवायची की ग्राट्सला जागा बघायची. काल आईने तिला विचारलं म्हणे, उद्या येशील ना? रोजच विचारते. पण काल रोस्विताला उत्तर देता आलं नाही.

मी तिला सांगितलं, घाबरू नकोस, मी आहे ना. ती म्हणाली, हो साहेब. आवाज जरा खोल वाटला. सर्दी असावी.

२ सप्टेंबर
ब्रह्मास्त्र काढलं. सहाही देशांना प्रत्यक्ष निमंत्रण: ४ ऑक्टोबर, सुगीचा सण, क्लाइनबाख. चर्चमध्ये धान्याच्या कणसांचा सुगीचा मुकुट, बँड, आणि मग सर्वांसमक्ष चड्ड्या उकरण्याचा सोहळा. मेलमध्ये कार्यक्रमाची रूपरेषा, उद्दिष्टं, माझा परिचय. रोस्विताने शेवटी एक ओळ घातली की नवीन द्राक्षांची आंबट-गोड फसफसणारी ताजी वाइन आणि भाजलेले चेस्टनट असतील. मी म्हटलं, शास्त्रज्ञ असल्या गोष्टींना भुलत नाहीत.

४ सप्टेंबर
सगळ्यांचे होकार आले. पोलंडसुद्धा रजेवरून परत. परिचय आवडला.

१४ सप्टेंबर
थोडंसं उकरून बघावंसं वाटलं. नाही बघितलं. आत्मविश्वास असलेला माणूस बघत नाही.

१५ सप्टेंबर
हेर्मिनेने विचारलं, बघितलंस का? मी म्हटलं, गरज नाही. ती म्हणाली, मी बघितलं. आणि आत निघून गेली. सांगायचं असतं तर सांगितलं असतं, म्हणजे चांगलंच असणार.

१९ सप्टेंबर
पाहुण्यांसाठी वाफा नीट केला. औषधाचा एक हात, रोलरचा एक हात. पाटीला पॉलिश.

उकरण्याचा क्रम ठरवला. आधी महापौर, मग पाद्रीबाबा, मग इतर, मग लोइस, आणि कळस म्हणून माझी. लोइसच्या लगेच नंतर मी, म्हणजे फरक उठून दिसेल. बँडमास्तरला सांगून ठेवलंय: बाकीच्यांना छोटी सलामी, माझी वर आली की पूर्ण मार्च, काही झालं तरी थांबायचं नाही.

३ ऑक्टोबर
पाहुणे पोचले. टूलिक्की उंच, पांढऱ्या केसांच्या, रबरी बूट घालूनच उतरल्या. आदेलीनो मला मिठी मारून मावशीचा नमस्कार सांगता झाला. दोघांना वाइन दिली. आमच्याकडे ही वाइन डाव्या हाताने पितात. टूलिक्कींनी सांगण्याआधीच डाव्या हाताने उचलली. डावखुऱ्या आहेत, तरी हा शुभशकुन.

उद्या रात्री सह्या. ग्राट्सहून विभागप्रमुखही येताहेत. होफ्राटची यादी त्यांच्याच टेबलावरून जाते. घोडामैदान जवळ आहे.

४ ऑक्टोबर, रविवार
लिहिणार नव्हतो. पण नियम तो नियम.

महापौरांची अर्धी उरली होती. सलामी. पाद्रीबाबांच्या फक्त शिवणी होत्या. त्यांनी त्या आभाळाकडे धरल्या, पलीकडचा डोंगर दिसला. सलामी, टाळ्या. लोइसने खाजकुयलीत हात घालून शिव्या दिल्या, मग एक इलॅस्टिक वर ओढलं. नुसतं इलॅस्टिक, त्याला तीन गांडुळं लटकलेली. लोक शिट्ट्या वाजवायला लागले. टूलिक्की गुडघ्यांवर बसल्या आणि त्याच्या उकिरड्यात कोपरापर्यंत हात घातला.

मग सगळे माझ्या फाटकातून आत आले. मी चार शब्द बोललो. फावडं मारलं. जरा कडक होतं. वजन टाकून मारलं.

चड्डी वर आली. पांढरी. पाकिटातल्या घड्या तशाच. लाल दोऱ्याची अक्षरं पहिल्या रांगेतून वाचता येत होती आणि एका पोराने ती मोठ्याने वाचली.

आदेलीनोने छातीवर क्रूस काढला. मग बँडने पूर्ण मार्च वाजवला. मी हात करत होतो, पण बँडमास्तर शब्दाचा पक्का.

मार्च संपल्यावर लोइस म्हणाला, वेंडल, झटकून घाल, उद्या ऑफिसला होईल.

विभागप्रमुखांनी टोपी डोक्यावर चढवली आणि गाडीकडे निघाले. हेर्मिने पोर्चमध्ये उभी होती. मला वाटलं होतं हसेल. नाही हसली. तिने येऊन चड्डी माझ्या हातातून घेतली आणि आत नेली.

५ ऑक्टोबर
कारणमीमांसा.
(१) कापसाचा दर्जा. हेर्मिने नेहमी चांगल्याच वस्तू आणते.
(२) लाल दोरा. किडे लाल रंगाला बुजत असावेत. रोस्विताला मेल करून विचारलं. म्हणाली, किड्यांना अंधारात रंग दिसत नाहीत, साहेब. तिच्याकडे पुरावा मागितला नाही.
(३) पाटीतलं पितळ.

काल रात्री मी तब्येतीच्या कारणाने सह्यांच्या जेवणाला गेलो नाही. त्यामुळे पाठिंब्याचं सगळंच बारगळलं असणार. रोस्विताला कोणत्या तोंडाने भेटायचं? तिने संध्याकाळी वृद्धाश्रमात जाताना हात केला. मी पडदा ओढला.

६ ऑक्टोबर
रोस्विताकडून सगळं समजलं. जरा बसून लिहितो.

परवा रात्री सगळे लोइसच्या अंगणात बसले, बेडकांच्या टबापाशी. टूलिक्की बोलल्या. रोस्विता म्हणते, सलग बोलल्या, त्यांच्याबरोबर आलेल्या फिनलंडच्या लोकांनाही नवल वाटलं. म्हणाल्या, असल्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये प्रत्येक देश आपली चांगली जमीन पुढे करतो. सगळे आपलं झाकतात. मेलेली माती कुणी आणतच नाही, मग जिवंत कशी करायची ते शिकणार कशावर? आणि इथे एका माणसाने आपली संपूर्ण मेलेली जमीन, तीस वर्षं मन लावून मारलेली, पाटी लावून, बँड लावून सगळ्या युरोपासमोर उघडी केली. एवढा प्रामाणिकपणा त्यांनी आजवर कुठे पाहिला नाही.

सहाही देशांनी तिथल्या तिथे सह्या केल्या. मग लोइस उठला. म्हणाला, वेंडल अख्ख्या गावासमोर नागडा झाला, आता आम्ही काय झाकायचं? घ्या जमिनी. एकामागून एक सगळ्यांनी दिल्या.

त्या सहा देशांच्या अटी दोन. पहिली, प्रोजेक्टची प्रमुख रोस्विता. दुसरी, मुख्य प्रयोगक्षेत्र माझी बाग. पाच वर्षं मी तिथे काहीही करायचं नाही. औषध नाही, रोलर नाही, ब्लोअर नाही. उगवेल ते उगवू द्यायचं, पडेल ते पडू द्यायचं.

मी विचारलं, आणि माझं पद? रोस्विता म्हणाली, जमीनमालक.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. लोइसची माती एवढी सुपीक कशी, याचं उत्तर टूलिक्कींना मिळालं. तीस वर्षांची कुजलेली पानं, आणि त्यातली बरीचशी माझ्या झाडांची. म्हणजे पाहिलं तर जिवंत माती आणि मेलेली माती, दोन्हींत योगदान माझंच.

१४ ऑक्टोबर
प्रस्ताव ब्रसेल्सला गेला. ग्राट्सहून फोन: एवढे पाठीराखे पाहून केंद्र सध्या इथेच ठेवतील. रोस्विताने फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकवून रडली. मी तिला पाणी दिलं. म्हटलं, माझे आभार मानू नकोस. ती डोळे पुसत म्हणाली, मानणारच साहेब, खरंच तुमच्याशिवाय हे झालं नसतं.

मी ग्लास घेऊन आणखी पाणी आणायला गेलो.

२२ ऑक्टोबर
होफ्राटची यादी लागली. नाव नाही. विभागप्रमुखांना फोन केला तर म्हणाले, प्राटेस, तुमची बाग मात्र राज्यभर गाजली. बेकरीत हेर्मिनेला आता खास नावाने ओळखतात. 'होफ्राटबाई' नाही. इथे लिहीत नाही.

सुंदर बाग स्पर्धेवाल्यांनी बक्षिसाची पाटी परत मागितली. जागा रिकामी राहिली नाही. तिथे सात भाषांत लिहिलेला नवीन बोर्ड आला: 'क्षेत्र एक. मृत माती. कृपया हात लावू नये.'

३० ऑक्टोबर
पानं पडताहेत. माझ्याच हिरवळीवर. तीन वेळा ब्लोअरपर्यंत जाऊन आलो. हेर्मिनेने किल्ली लपवली आहे.

वाफ्याच्या मध्यावर डँडेलियन नावाचं पिवळ्या फुलाचं तण उगवलंय. या दिवसांत! रोस्विताला कळवलं. ती धावत फोटो काढायला आली. टूलिक्कींना पाठवला. उत्तर: "नको उपटू." त्यांना कसं कळलं माझ्या हातात काय होतं?

११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा सण
दुपारी लोइसकडे हंसाचं जेवण. रोस्विता आईला चाकाच्या खुर्चीत घेऊन आली. म्हातारीने मला पाहिलं आणि विचारलं, हे कोण? लोइस म्हणाला, आजी, हे तेच, यांच्यामुळे तुमची रोस्विता इथे राहिली. म्हातारीने माझा हात धरून ठेवला. हंस गार झाला तरी सोडला नाही. मग रोस्विताकडे वळून तिने विचारलं, उद्या येशील ना? रोस्विता म्हणाली, येणार.

संध्याकाळी घरी होतो. फाटकाचा आवाज आला. लोइस ढकलगाडी घेऊन आत शिरला, काठोकाठ पानं भरलेली, काळी, ओली, वाफ निघत असलेली. वाफ्यावर ओतली. मी ओरडलो, अरे काय करतोयस, नियम आहे, हात लावायचा नाही! तो म्हणाला, तू लावायचा नाहीस. मी रोस्विताला विचारलंय. तीस वर्षांची तुझी पानं आहेत, वेंडल. हळूहळू परत देतो.

त्यातून एक गांडूळ बाहेर आलं. बोर्डापाशी थांबलं, मग खाली शिरलं. मी खाली बसून बघत राहिलो. हेर्मिने दारातून म्हणाली, आत ये, थंडी आहे, आज आत काय घातलंयस?

मी गुडघ्यांवरची माती झटकून उठलो. तिनेच धुऊन, इस्त्री करून कपाटात सगळ्यात वर ठेवली होती. चांगली बसते.